चौऱ्याण्णवावं पान

भिंगकाकांनी गठ्ठा मुलीपुढे सरकवला आणि हिशेब सांगून टाकला. दोनशे बारा पानं, तीनशे सात चुका. सगळ्या लाल शाईने समासात काढलेल्या.

छापखान्यात त्यांना हे नाव उगाच पडलं नव्हतं. ते प्रत्येक पान खालून वर वाचत, शेवटचा शब्द आधी. सुलटं वाचलं की माणूस गोष्टीत गुंततो आणि नसलेला शब्दही वाचून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षांत शेकडो पुस्तकं हाताखालून गेली. एकात काय होतं ते विचारा, सांगता यायचं नाही.

हे पुस्तक मुलीनेच लिहिलं होतं, तिच्या आईवर. उद्या छपाईला जायचं होतं. तपासायला देताना ती म्हणाली होती, यातलं काही खोटं वाटलं तर सांगा, तेवढं काढून टाकते.

"मग?" तिने विचारलं.

"शुद्ध आहे आता."

"ते नाही विचारलं, बाबा."

"मजकूर कुठे वाचतो मी? तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. ती पानं उलटत गेली. गळलेला शब्द, दोनदा पडलेला शब्द, भलत्याच जागी बसलेला शब्द. एकालाही सूट नव्हती. चौऱ्याण्णवाव्या पानावर तिचा हात थांबला.

त्या पानात आई आतल्या खोलीतून हाका मारत होती. टेबलाशी बसलेला माणूस दारातल्या मुलीला तीनदा सांगत होता, एवढं पान होऊ दे, आलोच. पान झालं तोवर हाका थांबल्या होत्या.

समास कोरा होता. एका ओळीच्या शेवटी 'आई' होतं, खालच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा 'आई'. सुलटं वाचणाऱ्याकडून हमखास सुटणारी चूक. काकांकडून ती कधी सुटली नव्हती.

तिने त्यावर बोट ठेवलं. "हे पान वरून खाली वाचलंत."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"खोटं आहे का यातलं काही?"

त्यांनी लाल पेन उघडलं आणि पान ओढायला गेले. तिने ते हाताखाली दाबून धरलं.

"राहू द्या. असंच छापू."

"पहिल्या पानावर तपासणाऱ्याचं नाव असतं गं. लोक नावं ठेवतील मला."

"ठेवू देत."

काका पेनाला टोपण लावू लागले. ते काही केल्या बसेना.