नाकांचा डबा

"फक्त दोन मिलिमीटर, डॉक्टर," शिक्षिका म्हणाली आणि नाकाचा शेंडा बोटानं वर उचलून धरला. "इथं."

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांना तिथं काहीच दिसलं नाही. सकाळपासूनचं हे एकोणिसावं नाक, आणि पाठ केव्हाची धरली होती. समोर तिची जाडजूड फाइल होती. अकरा वर्षांपूर्वीची पहिली सर्जरी त्यांनी स्वतः केलेली. नंतरच्या दोन इतरांनी.

"आत आधाराला कूर्चाच उरलेली नाही आता," ते म्हणाले. "पुन्हा हात लावला तर शेंडा बसेल. श्वास घ्यायलाही त्रास होईल."

"दुसरे डॉक्टर हो म्हणालेत. सोमवारची तारीखही दिलीय. पण तुमचा हात चांगला, म्हणून आधी तुमच्याकडे आले."

"शाळा काय म्हणते?"

"चाललीय. फळ्यावर लिहायचं सोडलंय फक्त. लिहिताना वर्गाला नाक बाजूनं दिसतं ना. गणितं तोंडीच सांगते."

फळ्यावाचून गणित शिकवणारी बाई! एरवी डॉक्टरांना हसू आलं असतं. आता त्यांनी फाइल चाळली. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी त्यांनी तिला दोनदा दिली होती. दोन्ही चिठ्ठ्या फाइलमध्ये होत्या, घडीही न मोडलेल्या.

आता उरला डबा. बिस्किटांचा जुना, पत्र्याचा. त्यात नुसत्या नाकांचे फोटो, बाजूनं काढलेले, डोळे आणि ओठ कापून टाकलेले. ऑपरेशनच्या आधीचे, नंतरचे, सगळे एकत्र. मागे फक्त पेशंटचा नंबर. त्यातलं एक निवडायला सांगायचं, ही डॉक्टरांची जुनी पद्धत. ज्याला काय हवं ते ठाऊक असतं तो पटकन निवडतो. ज्याला एकही पसंत पडत नाही, त्याच्या नाकाला ते सुरी लावत नाहीत. ही सगळ्यांना नाक मुरडेल आणि नाही म्हणणं सोपं जाईल, असा त्यांचा अंदाज होता.

तिनं फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. काही बाजूला सारले. मग एकापाशी थांबली.

"हे."

"नक्की?"

"अगदी हेच. किती साधं आहे."

डॉक्टरांनी फोटो घेऊन उलटा केला. नंबर पाहिला. मग फाइलकडे पाहिलं.

"हा ऑपरेशनच्या आधीचा फोटो आहे," ते सावकाश म्हणाले.

"आधीचा? मग हिच्या नाकाला कशाला हात लावलात? चांगलं होतं की!"

अकरा वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मुलगी हवं म्हणाली, रक्ताचे रिपोर्ट चांगले होते, झालं. फोटो गुपचूप डब्यात टाकावा असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि वाटलं याची लाज वाटली. त्यांनी तो तसाच उलटा, फाइलवरच्या नंबराशेजारी ठेवला.

एकेका आकड्यावर बोट ठेवत तिनं दोन्ही नंबर वाचले, मुलांची वही तपासावी तसे. तिचे डोळे भरून आले. कळलं हिला, असं डॉक्टरांना वाटलं. सोमवार टळला. त्यांनी तिसरी चिठ्ठी लिहायला पॅड पुढे ओढलं.

तिनं डोळे पुसले. फोटो उचलून उजेडाकडे धरला.

"हा मी नेऊ का, डॉक्टर? सोमवारी त्यांना दाखवते. मुळात माझंच आहे म्हटल्यावर जमेल त्यांना."