भोंग्यातला वाघ

रानडुकरांनी मक्यात शिरू नये म्हणून सोनबाजीने गोठ्याशेजारी मचाणावर भोंगा बांधला आणि दिवस मावळला की त्यातून वाघाची डरकाळी वाजवू लागला. डुकरं पळाली ती थेट तेलंगणात जाऊन थांबली म्हणतात; बघायला मी काही गेलो नव्हतो. गावभर सोनबाजीचं नाव झालं. ज्याने मागितली त्याला त्याने ती डरकाळी मोबाइलवर फुकट पाठवली.

पावसाळा सरेपर्यंत त्याच्या शेळ्या शिंकू लागल्या, नाकं वाहू लागली आणि खाली बसलेली शेळी पुन्हा उठेना.

"लस तर तुम्हीच टोचली होती ना जी, मॅडम?" त्याने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"लस चांगलीच होती, काका. पण सतत भ्यालेल्या जनावराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. मग लसही नीट लागत नाही आणि साधा रोगही भारी पडतो."

"म्हणजे भोंग्यातल्या वाघानंच खाल्ल्या म्हणा ना," त्याची बायको कौतिका म्हणाली. "आता ही गाभण चांदी तेवढी उरली. काढा तो आधी."

सोनबाजीने वायर उपटून फेकली. सांज इतकी गप्प झाली, की चांदीचा रवंथ ऐकू येऊ लागला.

तेवढ्यात शेजारच्या मक्यातून डरकाळी आली. तिला पलीकडच्या बांधावरून दुसरी भिडली, मग नाल्यापासून तिसरी. चांदीचा रवंथ थांबला. तिने कान टवकारले, आणि हळूच शिंकली.