मेनचा फ्यूज

"मेनचा फ्यूज काढला ना, वहिनी?" आकाशने तिसऱ्यांदा विचारलं.

शीलाने मूठ उघडून दाखवली. जिन्याखालच्या बोर्डातून तिने तो स्वतः उपसून आणला होता आणि आता कुणाच्या बापाला देणार नव्हती. तशी गरजही नव्हती म्हणा. बारा ते तीन लाइट जाते हे बेलवलीतल्या मांजरांनासुद्धा पाठ होतं, आणि आत्ता भर उन्हात साडेबारा वाजले होते.

सोसायटीच्या गच्चीवर दहा सोलर पॅनेलं एकमेकांना जोडून उभी होती. त्यांच्या बॅटऱ्या कधीच्याच बसल्या होत्या. सोसायटी सगळं भंगारात घालायला निघाली होती, तेवढ्यात आकाशने ती विहारातल्या अभ्यासिकेसाठी मागून घेतली. लोडशेडिंगमध्ये पोरांपुरते चार दिवे लागले तरी खूप झालं.

दिराला एकट्याला गच्चीवर चढू द्यायचं नाही, म्हणून शीला सोबत आली होती. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा राजरत्न आनंदनगरच्या एका कारखान्यावरून अशीच जुनी पॅनेलं उतरवत होता. झटका बसला, पत्र्यावरून खाली पडला आणि गेला. "मेन बंद करायला विसरला," ठेकेदार दौलतराव म्हणाले. वीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस मेन विसरतो? लोकांनी हळहळत माना हलवल्या. शीलाला मात्र ते खरं वाटलं. त्या सकाळी ती त्याच्याशी कडाकडा भांडली होती. तो डबा न घेताच निघून गेला होता. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि ते फिरवलं होतं तिने. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आकाशने जोड सोडवला. उघड्या टोकांच्या दोन तारा त्याने बोटांत धरल्या. शीला एक पाऊल पुढे सरकली.

"हातमोजे घाल ना रे."

"वहिनी, मेलेली आहेत ती. चार वर्षं झाली!"

टोकं एकमेकांना लागली. ताडकन आवाज झाला, निळा जाळ उठला आणि आकाश मागच्या मागे कठड्यावर कोलमडला. शीलाने झेप घेऊन त्याची कॉलर धरली आणि त्याला आत ओढलं.

"खाली कुणी मेन लावला?" तो किंचाळला.

"कोण लावणार? फ्यूज माझ्याकडे आहे."

खाली एकाही घरात पंखा फिरत नव्हता. आकाश भाजलेली बोटं झटकत आधी पॅनेलांकडे, मग वर सूर्याकडे बघत राहिला.

"आयला... जिवंत आहेत ही!" तो म्हणाला. "ऊन आहे तोवर ह्यांना मेनबिन काय नाय, वहिनी. खाली कितीपण बंद करा."

शीला मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. आकाश घाबरला.

"लागलं काय तुला?"

"नाही रे," ती म्हणाली. "हे मेन बंद करायला विसरले नव्हते."