तोंड उघड

बाबांच्या शोकसभेला अर्धं गाव शाळेत आलं, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरूनच. इथेच बाबा तीस वर्षं रोज प्रार्थनेनंतर पोरांना "तोंड उघड" म्हणायचे आणि सापडलेली तंबाखू पत्र्याच्या डब्यात थुंकायला लावायचे. घरीही जेवणाआधी सगळ्यांची तपासणी व्हायची, जावयालासुद्धा सूट नव्हती. संस्थेचे अध्यक्ष बाबांनी लावलेल्या मोगऱ्यावर पचकन थुंकले, हनुवटीवरची लाळ शालीने पुसली आणि माईकवर म्हणाले, "गुरुजीनंच आमाले मानूस केलं!" मला शिसारी आली. "आता गुरुजींचे चिरंजीव बोलतील," कोणीतरी पुकारलं. मी नुसती नकारार्थी मान हलवली. "गळा दाटून आला पोराचा," बाया कुजबुजल्या. तेवढ्यात आई तोच डबा घेऊन उठली. अध्यक्ष चपापले, मला बरं वाटलं. पण ती त्यांच्याकडे न बघता माझ्यासमोर येऊन थांबली. "थुंक पहिले, निकेश," तिनं डबा पुढे केला. "मंग बोल बाबावर."