ओडीलची तीन यंत्रं

ओडीलने उकडलेल्या क्रॉफिशच्या ढिगाशेजारी तीन कॅल्क्युलेटर ओळीने मांडले आणि म्हणाली, "आज ठरवूनच उठायचं."

गुड फ्रायडेची दुपार होती. यूलाली मावशीच्या अंगणात लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती. त्यावर कोळंबीच्या जातीचे लाल क्रॉफिश, कणसं आणि बटाटे वाफाळत होते. तिखटाने सगळ्यांची नाकं गळत होती. मावशीने हात न थांबवता एकदा कॅल्क्युलेटरांकडे पाहिलं आणि कणसं पलीकडे सरकवली.

ओडील पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत इंजिनियर होती, पण परवाना नसलेली. शाळेच्या रस्त्यावरचा नवा पूल तिने आखला होता, पहिल्या रेघेपासून शेवटच्यापर्यंत. नकाशावर शिक्का मात्र परवाना असलेल्या साहेबाचा. "यात तुझं नाव कुठंय?" असं तिच्या लेकीने विचारलं, तेव्हा ओडीलला रडूच कोसळलं होतं. तो शिक्का तिला हवा होता. परवान्याच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती आणि तिसरी खेप पुढच्या महिन्यात होती.

"यात ठरवायचं काय?" क्लोव्हिस काका म्हणाले. सगळी हयात त्यांनी नदीचे बांध बांधण्यात घालवली होती. "मधलं घे. माझ्यासारखं. इंजिनियराचं यंत्र ते."

"त्याला 'बरोबर'चं बटणच नाही, काका!" लुसियन म्हणाला. तो ओडीलचा मावसभाऊ. परवाना मिळवून बसला होता आणि तसं बसलेला दिसतही होता. "आधी आकडे द्यायचे, मग बेरीज सांगायची. म्हणजे आधी बारसं, मग लग्न."

"तुझ्या घरी तसंच झालं होतं," काका म्हणाले.

टेबल हसून हसून हललं. लुसियनची बायको सगळ्यात जोरात हसली.

"माझं ऐक, ओडील," लुसियन म्हणाला, "साधं उन्हावर चालणारं घे. शाळेतली पोरं वापरतात ते. मी त्यावरच पास झालो."

"पहिल्या वेळी तेच नेलं होतं," ओडील म्हणाली. "पडदा अंधुक होता. दुसऱ्या वेळी हे काकांसारखं नेलं. तीन महिने सराव केला, पण ऐन वेळी बोट आपलं 'बरोबर' शोधत फिरतंय. म्हणून हे नवं. चार ओळी दिसतात, अपूर्णांक कागदावर लिहितो तसे दिसतात, आणि परीक्षेला चालणाऱ्या यंत्रांच्या यादीतही बसतं. पण याची बटणं जरा कडक आहेत. दुकानात अजून एक बघून ठेवलंय."

"अडतं कुठं तुझं नेमकं?" काकांनी विचारलं.

"मातीपाशी. पायाची गणितं. मला ती माती डोळ्यांसमोर नको वाटते, म्हणून शेवटाला ठेवते. आणि शेवटाला वेळच उरत नाही. दोन्ही वेळा तसंच झालं. म्हणजे यंत्र सावकाश पडतं, दुसरं काय?"

"अगं, जन्मली चिखलात, वाढली चिखलात, आणि मातीला घाबरते! ये रविवारी माझ्याकडे, शिकवतो."

"शिकू हो, काका. आधी यंत्र तर ठरू दे."

मग दोन्ही पक्षांनी बाह्या सरसावल्या. काकांनी खिशातून स्वतःचं यंत्र काढलं. लुसियनने फोनवर कुणाकुणाची मतं वाचून दाखवली. काका म्हणाले, माझं यंत्र आजवर कुणी उसनं मागितलं नाही. लुसियन म्हणाला, मागितलं होतं, पण लगेच परत केलं. ओडील दोघांचंही मन लावून ऐकत होती आणि तिखट बोटांनी नव्या यंत्राची बटणं दाबून बघत होती. तिचा जीव खरंच टांगणीला लागला होता.

शेवटी वैतागून लुसियन म्हणाला, "आपण कशाला भांडतोय? मावशीला विचारा की! ती रोज बघते."

यूलाली मावशी परीक्षा केंद्राच्या दारात कामाला होती. येणाऱ्याचे खिसे, बाह्या, चष्मा तपासायची. कॅल्क्युलेटरचं झाकण बाहेर ठेवून घ्यायची आणि यंत्र उलटसुलट करून आत सोडायची. केंद्रातलं अवाक्षर तिने कधी घरी आणलं नव्हतं. गावातल्या कुणाकुणाला तिने त्या दारात पाहिलं असेल, पण तोंडाला कायमचं कुलूप.

ओडील तिच्याजवळ सरकली. "मावशी, पेपरातलं नाही विचारत. दारातलं विचारते. पास होणारे कुठलं यंत्र आणतात गं?"

मावशीने हातातला क्रॉफिश मोडला, डोकं चोखलं, शेपटी सोलून तोंडात टाकली. मग एकेक बोट पुसलं. काका आणि लुसियन दोघेही टेबलावर पुढे वाकले.

"पास कोण झालं, मला कोण कळवतंय?" ती म्हणाली. "निकाल ज्याच्या त्याच्या घरी जातो. मी दारातली बाई."

ओडीलचा चेहरा उतरला. तिने यंत्रं पुन्हा ओळीत लावायला घेतली. मावशीला ते बघवेना. तिने ओडीलच्या मनगटावर हात ठेवला.

"पण दारातनं एक दिसतं, बाळ. एकदा येऊन जे पुन्हा दिसत नाहीत, ते कसलंही जुनं डबडं आणतात, बटणांवरचे आकडे पुसलेलं. आणि जे पुन्हापुन्हा येतात ना, त्यांच्या हातात दर खेपेला नवंकोरं यंत्र असतं."