एका किंचाळीबद्दलचं मत

“ही बाई मरतेय की मांजराने दुधात तोंड घातलं म्हणून ओरडतेय?” लेकीने पडद्यावरचं चित्र थांबवलं आणि मागे वळून पाहिलं. “सांगा ना, बाबा. ध्वनिमुद्रक होतात ना तुम्ही?”

“होतो,” बाबा म्हणाले. “पण सगळं कुठं आठवतंय आता!”

भयपट पाहायचे आणि इंटरनेटवर त्यांच्याबद्दल बोलायचं, हेच लेकीचं काम. ती कुणाची भीडभाड ठेवत नसे, म्हणून तिचं ऐकणारे बरेच होते. तिच्या मते भूत दिसलं की भीती संपली. दार करकरलं की दिग्दर्शकाला दुसरं काही सुचलेलं नाही, असं खुशाल समजावं. कॅमेरा नुसत्या रिकाम्या खुर्चीवर थांबला, तर मात्र ती पाय वर घेऊन बसायची.

आज तिच्यापुढे भयपट नव्हता, माहितीपट होता. भयपटांना संगीत देणाऱ्या एका म्हाताऱ्या संगीतकारावरचा. तो अजून लोकांपुढे यायचा होता. बनवणाऱ्या बाईंनी कच्ची प्रत तिच्याकडे अभिप्रायासाठी पाठवली होती.

त्या संगीतकाराबरोबर बाबांनी उमेदीची वर्षं काढली होती. एरवी ते लेकीच्या खोलीत फिरकत नसत. आज त्याचं नाव कानावर पडल्यापासून वर्तमानपत्राचं एकच पान उघडून तिच्या मागे ठाण मांडून बसले होते.

“ही किंचाळी कितीतरी चित्रपटांत आहे,” लेक म्हणाली. “एकाने वापरली, मग सगळ्यांनी उचलली. मी दर वेळी तिची टिंगल करते. कोण होती ही?”

“असेल कुणी नटी. डोळे दुखतील तुझे. चल, जरा पाय मोकळे करून येऊ.”

“भर उन्हात?”

“मग चहा टाकू का?”

“आत्ता तर घेतला. बाबा, तुमचं काय चाललंय?”

“काही नाही गं. हा माणूस पेटी सुरेख वाजवायचा, पण थापाही तालात मारायचा. त्याचं बोलणं निम्मं सोडून द्यायचं, एवढंच.”

लेकीने चित्र पुन्हा सुरू केलं. पडद्यावर म्हातारा संगीतकार सांगत होता की ध्वनिमुद्रकाने त्याला जुन्या टेपांचं एक खोकं दिलं होतं. वाऱ्याचे, पावलांचे, दारांचे आवाज. त्यात एक टेप निराळीच निघाली.

बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र चुरगळलं. ती टेप त्या खोक्यात चुकून गेली होती. तेव्हा त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. समोर दिसेल ते उचलून खोक्यात भरलं होतं. आणि मग त्या संगीतकाराचा चित्रपट लागला. बायको शेजारच्या खुर्चीवर होती. तो आवाज आला तेव्हा तिने फक्त त्यांचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्यानंतर तिने एकही भयपट पाहिला नाही. लेक तिला घाबरट म्हणून चिडवायची आणि ती चिडवून घ्यायची.

बाहेर इस्त्रीचा आवाज थांबला. आई दारात आली. हातात अर्धवट घडी घातलेला सदरा होता.

“थांबव ते,” ती म्हणाली.

लेकीने थांबवलं.

“ती किंचाळी माझी आहे.”

बाबा उठून उभे राहिले. “अगं, कशाला आता—”

“बसा हो तुम्ही. उद्या परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकू दे तिला.” ती पलंगाच्या कडेला टेकली. “बाळंतपणातली आहे. ह्यांना आवाज गोळा करायचं वेड. बाळाचं पहिलं रडणं हवं म्हणून डॉक्टरांच्या हातापाया पडून यंत्र आत ठेवलं. त्यात माझाच आवाज सापडला.”

लेक खुर्ची तिच्याकडे वळवून बसली.

“म्हणजे माझ्या वेळचं?”

आईने सदऱ्याची बाही सरळ केली. “मग आणखी कुणाच्या?”

“आणि माझं रडणं?”

“टेप संपली.”

लेक उठली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. एवढी मोठी घोडी, पण झाली.

“इतकी वर्षं नावं ठेवली गं मी तुला.”

“ठेवायचीस. मला गंमत वाटायची,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

“उरलेलं कशाला बघतेस आता?” बाबांनी घाईघाईने विचारलं.

“नाही बघत.” तिने हात लांबवून लॅपटॉप मिटला.

बाबा खुर्चीत बसले. त्यांना हसू येत होतं आणि रडूही. आई इस्त्रीकडे परत गेली. लेक फोन घेऊन गॅलरीत गेली. माहितीपट बनवणाऱ्या बाईंना अभिप्राय कळवायचा होता. बाबा दाराआड उभे राहिले. चोरून ऐकणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं, पण पाय हलेनात.

“हो, परवाच पाहिला, अगदी शेवटपर्यंत,” लेक सांगत होती. “सुरुवात फार लांबलीय. तालमींचे प्रसंग झकास. एकच चूक आहे, ती तेवढी कापा. शेवटी ते संगीतकार म्हणतात ना, की बाळ रडलंच नाही, आणि त्या दोघांनी पुढे एक मुलगी दत्तक घेतली. ते खोटं आहे. ते बाळ मीच. आत्ताच आईला विचारून घेतलं मी.”