पृथ्वीच्या वजनात
चंद्रावरच्या तपासणी-खोलीत पृथ्वीइतकं वजन सुरू झालं आणि कमळाताई जमिनीवर मांडी घालून बसल्या. हात न टेकता उठता आलं, तरच नातीच्या बारशाला पृथ्वीवर जायची परवानगी मिळणार होती.

काचेबाहेर त्यांचे यजमान बापूसाहेब श्वास रोखून उभे होते. रोज ट्रेडमिलवर धावून त्यांचं हृदय ठणठणीत होतं, पण सकाळी याच तपासणीत त्यांना स्वतःला उठता आलं नव्हतं. "या वयात स्प्रिंगा कसल्या ओढतेस? पैलवान व्हायचंय का?" असं ते स्नायूंच्या ताकदीसाठी रोज व्यायाम करणाऱ्या बायकोला वर्षानुवर्षं चिडवत आले होते.

कमळाताईंचे पाय थरथरले, पण त्या सरळ उभ्या राहिल्या.

"अहो, बाळाकडे आपल्यातलं एक तरी जाणार!"

बापूसाहेबांना हसू फुटलं. काचेपलीकडे कमळाताईंचे अश्रू झरझर ओघळत होते, अगदी पृथ्वीवर ओघळतात तसे.